हिंसा आणि मन : फाळणीच्या अनुभवातून

हिंसेविषयीच्या चर्चेचा आरंभ बहुधा आकड्यांनी होतो. 1947 च्या फाळणीत किती माणसे मारली गेली याचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात, काही अभ्यासक त्याहूनही वर जातात. सव्वा ते दीड कोटी माणसांना घरदार सोडून नव्या सीमेच्या पलीकडे जावे लागले. या अंदाजांतील तफावतच पुष्कळ काही सांगून जाते. जेथे मेलेल्यांची मोजदाद झाली नाही, तेथे जिवंत राहिलेल्यांच्या मनावर काय ओढवले याची नोंद कोण ठेवणार? या व्याख्यानाचा विषय ती न ठेवलेली नोंद हा आहे. हिंसा करणाऱ्याच्या मनात काय घडते, ती सोसणाऱ्याच्या मनात काय उरते आणि तिच्यानंतर गप्प राहणाऱ्या समाजाचे काय होते, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक सोपे उत्तर बाजूला सारले पाहिजे. त्या दिवसांत माणसांची पशू झाली, लोकांना वेड लागले, असे वारंवार म्हटले जाते. हे उत्तर सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारखेच सोयीचे असते, कारण वेड्याला जाब विचारता येत नाही. पण घटनांचा क्रम पाहिला तर वेडापेक्षा हिशेबच अधिक दिसतो. 16 ऑगस्ट 1946 रोजी कलकत्त्यात कत्तलीला तोंड फुटले. ऑक्टोबरमध्ये नोआखाली पेटले, त्यापाठोपाठ बिहार. मार्च 1947 मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील खेड्यांवर हल्ले झाले आणि ऑगस्टनंतर सारा पंजाब त्या वणव्यात सापडला. प्रत्येक ठिकाणी मागच्या ठिकाणाचा बदला हे कारण सांगितले गेले. नोआखालीत जे घडले त्याची किंमत बिहारमधील अशा शेतकऱ्याने मोजली, ज्याने नोआखालीचे नावही कदाचित ऐकले नव्हते. पंजाबात हल्लेखोरांच्या टोळ्यांमध्ये दुसऱ्या महायुद्धातून परतलेले, शस्त्रे चालविण्यात तरबेज असे सैनिकही होते. निर्वासितांच्या गाड्या अडविल्या गेल्या, आणि गाडी केव्हा येणार हे ठाऊक असल्याखेरीज ती अडविता येत नाही. वेळापत्रक पाहणारे मन वेडे नसते. म्हणून खरा प्रश्न असा की, ज्या मनाला चांगलेवाईट कळते त्याच मनाकडून हे कसे घडते?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने त्यानंतर लोकांत पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि 1935 मध्ये त्यांवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या भागात धक्का जाणवला पण फारशी हानी झाली नव्हती, तेथील लोक याहूनही भयंकर संकट येऊ घातले आहे असे एकमेकांना सांगत होते. याउलट दुर्गानंद सिन्हा यांनी 1950 मध्ये दार्जिलिंगच्या दरडी कोसळल्यानंतरच्या स्थितीचा अभ्यास केला, तेव्हा प्रत्यक्ष विनाशाच्या मध्यभागी असलेल्या माणसांत अशा अतिरंजित अफवा त्यांना आढळल्या नाहीत. भ्यालेल्या माणसाने आणखी भीती वाढविणाऱ्या गोष्टींवर विश्वास का ठेवावा? या प्रश्नाने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना बुचकळ्यात टाकले. त्यांनी 1957 साली मांडलेल्या उपपत्तीला प्रसादांच्या नोंदींचा मोठा आधार होता. त्यांचे उत्तर असे की, त्या अफवा भीती निर्माण करीत नव्हत्या. भीती आधीच मनात होती. आजूबाजूला तर सारे सुरक्षित दिसत होते. तेव्हा त्या भीतीला साजेसे कारण मन शोधीत होते, आणि ते कारण अफवा पुरवीत होती.

भूकंपाच्या जागी शेजारची वस्ती ठेवली की दंगलीच्या अफवेचा उलगडा होतो. भूकंपाच्या अफवेला कोणी गुन्हेगार लागत नाही, पण दंगलीच्या अफवेला तो लागतो. दुधात विष कालविले आहे, पाण्याच्या टाकीत काही टाकले आहे, अमुक मोहल्ल्यात शस्त्रे जमविली आहेत, आज रात्री ते येणार आहेत, या अफवा देशाच्या निरनिराळ्या भागांत आणि निरनिराळ्या दशकांत जवळजवळ त्याच शब्दांत फिरलेल्या आढळतात. त्यांत दूध आणि पाणी वारंवार येतात हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो त्याच वस्तूंवर अफवा घाव घालते. एकदा दूधच संशयास्पद ठरले की ते घरी आणून देणारा माणूस दूधवाला उरत नाही, तो केवळ त्याच्या जमातीचा प्रतिनिधी होतो. अशा मनःस्थितीत हल्ला करणाऱ्याला आपण हल्ला करीत आहोत असे वाटतच नाही. आपण स्वतःचे रक्षण करीत आहोत, फक्त थोडे आधी, अशी त्याची समजूत असते. जगातील बहुतेक सामूहिक हत्या स्वसंरक्षणाच्या भाषेत झाल्या आहेत.

मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी डिसेंबर 1990 च्या हैदराबाद दंगलीनंतर तेथील दोन्ही जमातींच्या लोकांशी बोलून एक अभ्यास केला व तो 1996 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एरवी माणूस एकाच वेळी अनेक नाती जगत असतो : तो कोणाचा तरी भाऊ असतो, कारागीर असतो, गल्लीतला रहिवासी असतो, कर्जदार असतो, कोणाचा तरी मित्र असतो. दंगलीच्या काळात ही सारी नाती गळून पडतात आणि जमातीचे एकच नाते शिल्लक राहते. ‘मी’ची जागा ‘आम्ही’ घेतो. या ‘आम्ही’त शिरण्यात एक प्रकारचा दिलासा असतो, आणि तोच सर्वांत धोक्याचा भाग होय. एकटा माणूस भितो, लाजतो, विचार करतो. ‘आम्ही’ला भीती आणि लाज वाटत नाही. तथापि नीतीची जाणीव तेथेही साफ पुसली जात नाही. दंगलीत कोणते कृत्य क्षम्य आणि कोणते अक्षम्य, याविषयी कक्करांशी बोलणाऱ्यांच्या मनात स्पष्ट श्रेणी होत्या. लूट व जाळपोळ यांच्याकडे ते एका नजरेने पाहत, तर स्त्रियांवरील अत्याचार आणि हत्या यांच्याकडे दुसऱ्या. तात्पर्य, समूहाच्या हातून घडणाऱ्या हिंसेतही निवड असते, आणि जेथे निवड असते तेथे जबाबदारीही असते.

ही जबाबदारी माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर कशी टाकतो, याचे प्रात्यक्षिक स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी 1961 मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात सुरू केलेल्या प्रयोगांतून दिसले. शिकण्याच्या प्रयोगात मदत करावयाची आहे असे सांगून सामान्य नागरिकांना बोलाविण्यात आले. चूक करणाऱ्या ‘विद्यार्थ्या’ला त्यांनी विजेचे वाढते धक्के द्यावयाचे होते. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना तसे सांगितलेले नव्हते. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात 40 पैकी 26 जण केवळ प्रयोग चालविणाऱ्याच्या सांगण्यावरून अखेरच्या, 450 व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. काहींना धक्के खोटे असल्याचा संशय आला होता, असे पुढे जुनी कागदपत्रे तपासणाऱ्या संशोधकांनी दाखविले, आणि या प्रयोगाच्या नैतिकतेवरही आक्षेप आले. ते लक्षात घेऊनही त्याच्या दोन उपप्रयोगांकडे दुर्लक्ष करता येत नाही. धक्का देण्यासाठी ‘विद्यार्थ्या’चा हात स्वतः धरून तबकडीवर ठेवावा लागेल अशी योजना केली, तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण 30 टक्क्यांवर आले. आणि शेजारी बसलेल्या दोघा सहकाऱ्यांनी ‘आम्ही पुढे जाणार नाही’ असे म्हणून अंग काढून घेतले, तेव्हा ते 10 टक्क्यांपर्यंत घसरले. जवळीक आणि नकार, हिंसेच्या वाटेवरचे हे दोन अडथळे होत.

फाळणीच्या आठवणींत हेच दोन अडथळे निराळ्या वेषात भेटतात. अनेकांनी सांगितले आहे की मारणारे बाहेरगावचे होते, आपल्या गावातल्यांनी आपल्याला धान्याच्या कोठारात लपविले, रातोरात छावणीपर्यंत पोचविले. हे सर्वत्र खरे होते असे मुळीच नाही. शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांना मारल्याच्या साक्षीही तितक्याच आहेत. परंतु जेथे एका घराने दार उघडले तेथे दुसऱ्या घरालाही ते उघडणे सोपे गेले. नकाराचीही लागण होते, एवढे यावरून म्हणता येईल.

आता हिंसा सोसणाऱ्यांकडे वळू. युद्धाने मनाला होणाऱ्या जखमेला वैद्यकशास्त्राने फार उशिरा नाव दिले. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांना वाचा जाणे, थरथर सुटणे, रात्री किंचाळत उठणे अशी लक्षणे दिसू लागली. चार्ल्स मायर्स यांनी 1915 साली त्यांचे वर्णन केले आणि तोफगोळ्याच्या धक्क्याशी त्यांचा संबंध जोडला. पुढे ध्यानात आले की, ज्यांच्याजवळ एकही गोळा फुटला नव्हता त्यांनाही तीच व्यथा होती. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली आघातोत्तर तणाव-विकृतीला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. या विकृतीत आठवण ही आठवणीसारखी वागत नाही. सामान्य आठवणीला आदि-अंत असतो, ती आपण सांगू शकतो, बाजूला ठेवू शकतो. आघाताची आठवण मात्र वासातून, आवाजातून, अंधारातून एकाएकी वर्तमान होऊन येते. धुराचा वास आला की माणूस धुराची आठवण काढीत नाही, तो पुन्हा त्या जळत्या घरात असतो. मग तिच्यापासून वाचण्यासाठी तो वास, ते रस्ते, ती माणसे, अखेर बोलणेच टाळू लागतो.

फाळणीच्या काळी असे नाव उपलब्ध नव्हते. विस्मयाची गोष्ट अशी की, एवढ्या प्रचंड आघातावर त्या काळच्या भारतीय मनोविकारशास्त्राने जवळजवळ काहीच लिहिले नाही. आलोक सरीन आणि संजीव जैन यांनी संपादित केलेला या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध व्हावयास 2018 साल उजाडावे लागले. भारत सरकारच्या निमंत्रणावरून युनेस्कोने 1950 मध्ये गार्डनर मर्फी या मानसशास्त्रज्ञांना सामाजिक तणावांच्या अभ्यासासाठी पाठविले होते. त्यांचे पुस्तक 1953 मध्ये आले. पण त्यात विचार होता तो जमातींमधील तेढीचा, एकट्या माणसाच्या मोडलेल्या मनाचा नव्हे. त्याच 1950 साली दोन्ही देशांनी आपापल्या मनोरुग्णालयांतील रुग्णांची धर्मानुसार अदलाबदल केली. लाहोरच्या रुग्णालयातील हिंदू व शीख रुग्ण भारतात आले, भारतातील मुसलमान रुग्ण तिकडे गेले. सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेक सिंह’ या कथेचा विषय हीच अदलाबदल होय. ज्यांची मने दुखावली होती त्यांचा प्रश्न राज्यसंस्थेपुढे आला तो सीमेच्या कोणत्या बाजूचे, या रूपात आला. आणि त्यांचे दुःख लिहून ठेवण्याचे काम डॉक्टरांऐवजी कथाकारांना करावे लागले.

या दुःखाचा सर्वांत जड भार स्त्रियांवर पडला. मार्च 1947 मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा या गावी हल्लेखोरांच्या हाती पडू नये म्हणून सुमारे 90 शीख स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या. विहीर भरून गेल्यामुळे नंतर उडी घेणाऱ्या काहीजणी वाचल्या. भीष्म साहनी यांच्या ‘तमस’ कादंबरीला या परिसरातील त्या दिवसांची पार्श्वभूमी आहे. मेलेल्या स्त्रियांना समाजाने हुतात्म्यांचा मान दिला. वाचलेल्यांना मात्र कोणती जागा द्यावी हे कोणाला सुचले नाही. आपल्याच घरातील स्त्रियांना आपल्याच माणसांनी, बाटविल्या जाऊ नयेत म्हणून ठार केल्याच्या घटनाही घडल्या. त्यांची गणना हिंसेत झाली नाही, त्यागात झाली. जी हिंसा त्याग म्हणून स्मरली जाते तिचा शोक करण्याचीही सोय उरत नाही.

हजारो स्त्रिया पळविल्या गेल्या. त्यांना शोधून परत पाठविण्याचा करार दोन्ही देशांनी 6 डिसेंबर 1947 रोजी केला, आणि 1949 मध्ये भारताने त्यासाठी कायदा केला. त्या कायद्यात ‘अपहृत’ कोणाला म्हणावे याची व्याख्या होती. सोळा वर्षांखालील मुलगा किंवा कोणत्याही वयाची स्त्री, जी 1 मार्च 1947 पूर्वी मुसलमान होती आणि 1 जानेवारी 1949 पूर्वी कुटुंबापासून तुटून दुसऱ्या व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या घरात आढळली, ती अपहृत. तिला वॉरंटाशिवाय ताब्यात घेता येई. वाद झाल्यास निर्णय न्यायाधिकरण करी. न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद होता आणि तिची इच्छा निर्णायक मानली जात नव्हती. या खटाटोपामुळे कितीतरी जणींची खऱ्या बंदिवासातून सुटका झाली, हे नाकारता येणार नाही. पण काही जणी दोन वर्षांत पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, त्यांना मुले झाली होती. त्यांना दुसऱ्यांदा उखडण्यात आले. मृदुला साराभाई यांच्याबरोबर लाहोरमध्ये हे काम करणाऱ्या कमलाबेन पटेल यांनी आपल्या गुजराती आठवणींत हे सारे पेच प्रांजळपणे नोंदविले आहेत. आठ वर्षांत दोन्ही बाजू मिळून सुमारे 30,000 स्त्रिया परत पाठविल्या गेल्या. पहिल्या वेळी त्यांना कोणी विचारले नव्हते, दुसऱ्या वेळीही विचारले नाही.

घरी परतल्यावर काय झाले, हे राजिंदरसिंह बेदी यांच्या ‘लाजवंती’ या उर्दू कथेत दिसते. पळविलेल्या स्त्रियांना घरात घ्या असा प्रचार करणाऱ्या सुंदरलालची स्वतःची बायको परत येते. पूर्वी तिला मारणारा तो आता तिला देवी म्हणतो, पण तिच्यावर काय गुदरले ते मात्र ऐकून घेत नाही. तिला सर्व काही मिळते. फक्त ज्याच्यापाशी मन मोकळे करावे तो माणूस मिळत नाही. आघातानंतरच्या मौनाचे याहून नेमके निदान वैद्यकाच्या पुस्तकातही विरळाच सापडेल.

हिंसेचा परिणाम होण्यास अंगावर वार व्हावाच लागतो असे नाही. सिंधमध्ये पंजाबच्या मानाने रक्तपात कमी झाला. पण पंजाबच्या बातम्या आणि 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत उसळलेली दंगल यांनी हिंदू सिंधी समाजाचा पाय तेथून निघाला. महायुद्धकाळातील लष्कराच्या कल्याणजवळील छावणीत हजारो निर्वासितांना आसरा मिळाला, आणि 1949 मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. व्यापारउदीम वाढला, घरे उभी राहिली. परंतु या लोकांना पंजाब्यांप्रमाणे वा बंगाल्यांप्रमाणे आपल्या भाषेचा प्रदेशच भारतात उरला नाही. सिंधीला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत 1967 साली स्थान मिळाले, पण ज्या गल्लीत ती उठताबसता कानी पडे ती गल्ली मिळणे शक्य नव्हते. अशा हानीला प्रेत नसते, त्यामुळे तिचे सुतकही पाळले जात नाही.

जे बोलले गेले नाही ते विसरले गेले असे समजणे चूक ठरेल. 1984 मध्ये दिल्लीत शिखांवर हल्ले झाले तेव्हा कितीतरी वृद्धांच्या तोंडून 1947 च्या गोष्टी बाहेर पडल्या, ज्या त्यांच्या मुलांनी कधी ऐकल्या नव्हत्या. त्या ऐकूनच उर्वशी बुटालिया फाळणीच्या मौखिक इतिहासाकडे वळल्या. त्यांचे पुस्तक 1998 साली आले. त्याच वर्षी रितू मेनन आणि कमला भसीन यांचेही आले. पन्नास वर्षांनंतर प्रथमच कोणी तरी विचारीत होते. या साक्षींत एक पोकळी मात्र तशीच राहिली. सोसणारे बोलले, वाचविणारे बोलले, पण ‘मी मारले’ असे म्हणणारे फार थोडे भेटले. लाखो माणसे मारली गेली आणि मारणारे जणू कोणीच नव्हते. कबुली नसते तेथे पुढच्या पिढीच्या वाट्याला केवळ आपल्या जमातीवर झालेल्या अन्यायाच्या कथा येतात, केलेल्या अन्यायाच्या येत नाहीत. पुढच्या अफवेला लागणारी भीती अशा रीतीने घरातच साठविली जाते.

मग मार्ग कोणता? या बाबतीत दोन उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत. ऑगस्ट 1947 मध्ये गांधीजी कलकत्त्यातील बेलियाघाट भागातील एका पडक्या घरात हुसेन शहीद सुऱ्हावर्दी यांच्यासह राहावयास गेले. 14 ऑगस्टच्या रात्री जमावाने सुऱ्हावर्दींना आदल्या वर्षीच्या कत्तलीबद्दल तोंडावर विचारले, आणि त्यांनी जबाबदारी मान्य केली. जमाव शांत झाला. महिनाअखेर शहर पुन्हा पेटले, तेव्हा 1 सप्टेंबरला गांधीजींनी उपोषण आरंभले. सर्व जमातींच्या पुढाऱ्यांनी शांततेची लेखी हमी दिल्यानंतर 4 सप्टेंबरला ते सुटले. याला चमत्कार म्हणून हात जोडणे सोपे आहे, पण त्याची मानसशास्त्रीय बाजू साधी आहे. ‘आम्ही’मध्ये विरघळलेली जबाबदारी तेथे एकेका माणसाच्या नावावर परत आणली गेली.

दुसरे उदाहरण अनीस किडवई यांचे. त्यांचे पती शफी अहमद किडवई यांची ऑक्टोबर 1947 मध्ये मसुरीत हत्या झाली. शोकाने खचलेल्या अनीसबेन गांधीजींना भेटल्या आणि त्यांच्या सांगण्यावरून दिल्लीतील पुराना किल्ला व हुमायूनची कबर येथील मुसलमान निर्वासितांच्या छावण्यांतून काम करू लागल्या. पुढे पळविलेल्या स्त्रियांच्या शोधकार्यातही त्या होत्या. ‘आज़ादी की छाँव में’ हे त्यांचे उर्दू पुस्तक 1974 साली प्रसिद्ध झाले. त्यात दोन्ही जमातींची पापे सारख्याच स्पष्टपणे लिहिली आहेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये आघातातून सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या : आधी सुरक्षितता, मग घडलेले आठवून त्याचा शोक करणे, आणि अखेर माणसांशी पुन्हा नाते जोडणे. अनीसबेनना सुरक्षितता कोणी आणून दिली नव्हती. त्यांनी तिसऱ्या पायरीपासून आरंभ केला आणि दुसरी पायरी त्यांनी लेखणीच्या आधाराने गाठली.

फाळणी प्रत्यक्ष अनुभवलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांना औषधोपचाराची गरज कदाचित उरली नसेल. पण घराघरांतून जी अर्धी गोष्ट पुढच्या पिढीकडे जात आहे, तिचा दुसरा अर्धा भागही विचारून घेणे अद्याप शक्य आहे : आपल्यावर काय गुदरले एवढेच नव्हे, तर आपल्या गावातून कोण निघून गेले, त्यांच्या घरांचे काय झाले, आणि त्या रात्री दार कोणी उघडले, कोणी उघडले नाही. हे प्रश्न विचारणे अवघड आहे, उत्तर देणे त्याहून अवघड. परंतु ज्या समाजाने ते विचारलेले असतात, त्या समाजात दुधात विष कालविल्याची बातमी येते तेव्हा ती कोणी आणली, हे विचारणारी दोन माणसे तरी निघतात. आणि दोघांनी नकार दिला म्हणजे किती फरक पडतो, हे आपण पाहिलेच आहे.